जुना डोंगा घेताय? आधी उलटा करून बघा

उन्हाळ्यात अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर धरणांचं पाणी उतरतं, डोंगे काठावर उलटे पडतात आणि जुन्या नावांचे सौदे सुरू होतात. विकणारा पहिल्याच वाक्यात किंमत सांगतो. तुम्ही मात्र किमतीत अडकू नका. आधी स्वतःला विचारा, हा डोंगा कोणत्या पाण्यात घालायचा आहे?

धरण जलसंपदा विभागाचं असतं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तुम्ही त्या संस्थेचे सभासद नसाल, तर नाव तुमची असूनही जाळं टाकता येणार नाही. काटेपूर्णासारखं पाणी अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर वन विभागालाही विचारावं लागतं. स्वतःच्या शेततळ्यात किंवा खासगी तलावात नाव घालणार असाल, तर हा प्रश्न येत नाही. बाकी सगळ्यांनी एक चक्कर मारावी. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे तीन गोष्टी विचारा: या धरणाचा ठेका कोणाकडे, त्याची मुदत कधी संपते, नवीन सभासद घेतात का. ही चौकशी फुकट आहे, आणि ती इसार देण्याआधी करायची आहे.

कागद कोणते मागायचे

जुन्या डोंग्याला गाडीसारखं आरसी बुक नसतं. म्हणून ‘कागद कशाचे हो, नाव समोर दिसते ना’ हे वाक्य ऐकायला मिळेलच. ते ऐकून घ्या आणि तरीही कागद मागा. मूळ खरेदीचं बिल किंवा बांधणाऱ्याची पावती, विकणाऱ्याच्या आधारची प्रत, नाव संस्थेची असेल तर विक्रीचा ठराव, आणि नावेवर कर्ज होतं तर ते फिटल्याचा दाखला. एवढं पुरे.

खरी गोम अनुदानात असते. शासकीय योजनेतून घेतलेल्या नावेच्या किमतीचा मोठा वाटा सरकारने भरलेला असतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तो सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के आहे. अशा नावेच्या मंजुरी आदेशात विक्रीवर बंधन असू शकतं. आदेशाची प्रत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नावेवर योजनेचं नाव किंवा क्रमांक रंगवलेला असेल आणि तो नुकताच खरवडलेला दिसत असेल, तर सौदा तिथेच थांबवा.

करारनामा लेखीच करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पचे दिवस संपले, आता पाचशेचा लागतो. ‘माझ्याकडे जुना शंभराचा पडून आहे’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. करारात नावेची लांबी, रुंदी, कशाची बनलेली, रंग, सोबत मिळणारी वल्ही, नांगर, दोर, सगळं लिहा. वल्ही लिहिली नाहीत तर ताबा घ्यायच्या दिवशी वल्ही गायब होतात. दोन साक्षीदार घ्या, तारखेसह फोटो काढा.

डोंग्याला मशीन असेल, तर कागदांचा मामला वेगळा. देशांतर्गत जलयान कायदा २०२१ प्रमाणे यांत्रिक नावेला नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. जुन्या नावेला नंतर कोणीतरी मशीन बसवलं असेल, तर ही प्रमाणपत्रं बहुधा नसतात. ती मिळवायचा खर्च आणि हेलपाटे तुमच्या माथी येतात, म्हणून मशीनसह किंमत ठरवू नका. नाव वेगळी, मशीन वेगळं, अशा दोन किमती मागा.

सुकी तपासणी

नाव पाण्यात असताना बघायला बोलावलं तर जाऊ नका. जी बाजू बघायची ती पाण्याखाली असते. नाव काठावर ओढून, उलटी करून, किमान दोन दिवस सुकलेली हवी. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात नावेच्या अंगाला डोळा लावून बघितलं की खड्डे, फुगे, ठिगळं आपोआप दिसतात. दुपारच्या उन्हात सगळंच सपाट दिसतं.

ताजा रंग लावलेली नाव घेऊ नका. विकायच्या आधी आठवडाभर कोणी हौसेने रंग लावत नाही. काहीतरी झाकायचं असतं तेव्हाच लावतात. पत्र्याच्या नावेला आतून नवीन डांबर फासलेलं असेल, तर तेच समजा.

फायबरची नाव असेल तर एक नाणं घ्या आणि तळावर दर चार बोटांवर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक आणि कोरडा येतो. जिथे थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय, तिथे तो भद्द होतो. अशा जागेभोवती खडूने गोल काढा. सगळे गोल झाले की लांबून बघा. दोन-तीन तळहाताएवढे असतील तर दुरुस्ती होते. तळाचा चौथा हिस्सा खडूने भरला असेल तर नाव सोडा.

मग मधली रेष आणि मागचे दोन फूट बघा. आपल्याकडे काठ मुरमाचा आणि तळ काळ्या दगडाचा. नाव वर्षानुवर्षं ओढत आणलेली असते. वरचा गुळगुळीत थर गेला की काचेचे पांढरे धागे उघडे पडतात. बोट फिरवा, टोचतील. धागे उघडे म्हणजे तिथून पाणी आत जातंय. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तिथे नाव दगडावर आपटली आहे. त्याच जागेची आतली बाजू बघायला विसरू नका, बाहेर लहान दिसणारा मार आत मोठा असतो. मागची उभी फळी, जिच्यावर मशीन बसवतात, ती बहुतेक वेळा फायबरच्या आत प्लायवूड घालून केलेली असते. तिच्यावर पाय ठेवून जोर द्या. ती किंचितही हलली किंवा बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी ओघळल्याच्या खुणा दिसल्या, तर आतलं प्लायवूड कुजलंय. ती फळी बदलणं हे जुन्या फायबरच्या नावेतलं सगळ्यात महाग काम.

दुहेरी तळाची नाव असेल तर ती वजनावर तपासा. आपल्याकडे जिनिंगच्या गावाला धर्मकाट्याची वाण नाही. नाव चढवलेली गाडी एकदा तोला, रिकामी एकदा तोला. बांधणाऱ्याच्या बिलावर वजन लिहिलेलं असेल तर पडताळा. नसेल तर तशाच दुसऱ्या नावेचं वजन विचारा. पन्नास-साठ किलो जास्त भरली तर तेवढं पाणी दोन तळांच्या मध्ये साठलेलं आहे. तळाचं बूच काढून नाव तिरपी करा. पाणी आलं तर विकणाऱ्यालाही दाखवा आणि भाव पुन्हा बोला. ‘आत थर्माकोल भरून सील केलंय’ असं कोणी सांगितलं, तर भरलं कसं ते विचारा. फायबरचं रेझिन थर्माकोलला खातं. थेट लावलं असेल तर आत आता पोकळी असणार.

पत्र्याच्या नावेला लहान हातोडी पुरते. तळ, सांधे आणि बसायच्या फळीखालचे कोपरे ठोका. पातळ झालेला पत्रा दबतो. गंजाची पापडी निघाली तर पोलादी ब्रशने घासून खाली काय उरलंय ते बघा. वेल्डिंगची ठिगळं मोजा. ठिगळ चालतं. ठिगळावर ठिगळ असेल तर नको, वेल्डिंगला धरायला धड पत्राच राहिलेला नसतो.

लाकडी नाव आता कमी दिसते. तिला स्क्रूड्रायव्हर टोचा, विशेषतः फळ्यांची टोकं आणि खिळ्यांभोवती. सहज आत गेला तर लाकूड संपलं. ‘पाणी धरलं की गळती बंद होईल’ हे विकणाऱ्याचं म्हणणं मात्र अर्धं खरं असतं. सुकलेल्या फळ्या पाण्यात फुगतात आणि सांधे मिटतात. त्यासाठी दोन-तीन दिवस द्या. त्यानंतरही गळत असेल तर ती फुगायची राहिलेली नाही, कुजलेली आहे.

आपत्कालीन कामातून बाद झालेल्या रबरी बोटी लिलावात मिळतात. हवा भरा, रात्रभर ठेवा, सकाळी बघा. साबणाचं पाणी सांध्यांवर फिरवा. अंग चिकट लागत असेल तर उन्हाने ती संपवली आहे, स्वस्तातही घेऊ नका.

ओली तपासणी

सुकी तपासणी पास झाली तरच पाण्यात. त्याआधी काठावरच एक चाचणी करता येते. नाव सरळ ठेवा, तळाखाली रेतीची पोती लावा, आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून ओल शोधा. काठोकाठ भरायचा मोह आवरा. सोळा फूट लांब, चार फूट रुंद नावेत अर्धा फूट पाणी म्हणजे नऊशे लिटर, म्हणजे नऊशे किलो. जमिनीवर तेवढ्या वजनाने चांगली नावही तडकेल, आणि भरपाई तुम्हाला मागितली जाईल.

पाण्यात नेताना सकाळची वेळ घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा कधी सुटेल सांगता येत नाही. उजनी धरणात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले.

नावेत माणसांऐवजी आधी पोती घाला. युरियाची गोणी ४५ किलोची असते. एका माणसाचे ७५ किलो धरले तर तीन माणसं म्हणजे पाच गोण्या. गोण्या तळाला पसरून ठेवा, पाण्याच्या रेषेवर खडूची खूण करा आणि एक तास थांबा. खूण पाण्याखाली गेली तर नाव पाणी घेतेय. भरलेल्या नावेची कड पाण्यापासून वीतभर तरी वर हवी. मग दोन माणसं एका बाजूला बसवा आणि नाव किती कलते ते बघा.

किती माणसं बसतील, याचं उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नका. वीस फुटांपर्यंतच्या साध्या नावेसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचं एक सोपं सूत्र आहे: लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा, मापं फुटांत. सोळा बाय चारच्या डोंग्याचं उत्तर येतं चार पूर्णांक काही. म्हणजे चार माणसं, तीही शांत पाण्यात. जाळं, मासे, बर्फाची पेटी असेल तर दोन. ‘आठ-दहा जण आरामात बसतात’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातले, नात्यागोत्यातले अकरा जण गेले. या एका बाबतीत घासाघीस नको.

शेवटची चाचणी बहुतेक जण टाळतात. कमरेएवढ्या पाण्यात, दोर बांधून, नाव मुद्दाम पाण्याने भरा. लाकडी नाव भरली तरी तरंगते. फायबर आणि पत्रा दोन्ही पाण्यापेक्षा जड. आत फोम किंवा बंद कप्पे नसतील तर नाव सरळ तळाला जाते. ती तळाला जात असेल तर फोम भरायचा खर्च तुमच्या हिशेबात धरा, किंवा दुसरी नाव बघा.

मशीन चालू करून बघायचं असेल तर कोरडं चालवू देऊ नका. पाण्याच्या पिंपात बुडवून चालवा, नाहीतर आतला पंप काही सेकंदांत जळतो. बाहेर पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. ते दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय.

खर्च कसा मांडायचा

समजा, सोळा फुटी फायबरचा डोंगा तुम्हाला ३० हजारांत सांगितला. (हा आकडा हिशेबापुरता आहे, बाजारभाव नव्हे.) तळाची दोन चौरस मीटर दुरुस्ती निघाली. ४५० ग्रॅमच्या काचेच्या मॅटचे दोन थर धरा. मॅट लागेल पावणेदोन किलोच्या वर आणि रेझिन तिच्या साधारण अडीचपट, म्हणजे साडेचार किलो. त्या दिवसाचा किलोचा दर लावा, वर कारागिराचे दोन दिवस. कोटेशन ‘चौरस फुटाला इतके’ असं मिळालं तर किती थर, कोणत्या वजनाची मॅट, हे लिहून घ्या. एकाच थरात काम उरकून दोनचे पैसे घेणं ही या धंद्यातली जुनी पळवाट आहे.

मग वाहतूक. सोळा फुटी नाव सात फुटी छोटा हत्तीवर चढवून दोर बांधून आणायचा विचार सोडा. माल गाडीच्या मर्यादेबाहेर लोंबत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दंड २० हजार, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. समजा मोर्शीहून अकोल्याला आणायची आहे, तर मोठी गाडी करा. भाडं जास्त पडेल, पण दंडापेक्षा कमीच. गाडीभाड्यात हमाली धरली आहे का, हे आधी विचारा. चार-पाच माणसं लागतात आणि तीही दोन्ही टोकांना.

लाइफ जॅकेट दर माणशी एक. दर्जानुसार हजार ते अडीच हजार धरा. नावेसोबत फुकट मिळालेली जुनी जॅकेटं पाण्यात टाकून, वर वजन ठेवून बघा. दाबून दगड झालेला फोम वाचवत नाही. पट्टे तुटलेले असतील तर ते जॅकेट नाहीच.

‘नवीन घ्यायला जाल तर दुप्पट पडेल’ असं ऐकवलं की नव्याचं कोटेशन स्वतः मागवा आणि कर बघा. मासेमारीच्या नावेवर जीएसटी ५ टक्के. करमणुकीच्या, क्रीडेच्या नावेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. विकणारा तुम्हाला दुसऱ्या दराने तुलना करून दाखवत असेल तर जुनी नाव स्वस्त वाटणारच. दुरुस्ती, वाहतूक, जॅकेटं मिळवून जुन्याचा आकडा नव्याच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेला, तर माझं मत साफ आहे: नवीन घ्या.

शिडाची नाव मनात असेल तर

शाळा, साहसी शिबिरं किंवा हौशी मंडळी मुंबई-पुण्याकडून वापरलेली शिडाची नाव आणायचं बघतात. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट असेल तर ठीक. पावणेआठ फुटी, रिकामी ३५ किलोची, गाडीवर मावते. आधी तोला. चाळीसच्या वर भरली तर अंगात पाणी आहे. डोलकाठी जिथे रोवतात ती जागा आणि मधल्या खालीवर होणाऱ्या फळीचा खोका, या दोन ठिकाणी ती हमखास गळते. शीड उन्हाकडे धरा, बारीक भोकं दिसतात. कापड कडक राहिलं नसेल तर नवं शीड लागेल, आणि त्याची किंमत नावेच्या किमतीशी भांडते. डोलकाठीला तारांचा आधार असलेल्या मोठ्या बोटी मात्र आणू नका. तारेचा एक धागा तुटलेला असला तरी सगळ्या तारा बदलाव्या लागतात, आणि अशी बोट पाण्यात उतरवायची सोय आपल्या धरणांवर नाही.

पर्यटकांना बसवायचा विचार करून जुना मासेमारीचा डोंगा घेत असाल तर घेऊच नका. प्रवासी नेण्यासाठी परवानगी, सर्वेक्षण, विमा सगळं वेगळं. मासेमारीच्या नावेवर ते मिळेल असं सांगणारा दलाल तुमचे पैसे घेऊन मोकळा होतो, अपघात झाला तर गुन्हा तुमच्यावर.

इसार किती, कधी

सुक्या तपासणीआधी शून्य. दोन्ही तपासण्या झाल्यावर दहा टक्क्यांपर्यंत, पावतीसह, आणि पावतीवर ‘कागद न मिळाल्यास परत’ हे शब्द. बाकी रक्कम ताबा घेताना, बँकेतून. ‘उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय’ म्हटलं तर येऊ द्या. पूर्ण व्यवहाराला दोन दिवस तपासणीचे आणि आठ-पंधरा दिवस कागदांचे धरा. मृगाच्या आत उरकायचं असेल तर एप्रिलमध्ये सुरुवात करा. पाणी चढलं की काठावर उलटी नाव बघायला मिळत नाही.

मच्छीमार म्हणून तुमची नोंद असेल, तर मत्स्यसंपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा विचारून घ्या. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघातात दवाखान्याच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. वय १८ ते ७०. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, तुमच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. संस्थेतला कोणी किंवा बाहेरचा एजंट हप्त्याच्या नावाखाली पैसे मागत असेल तर देऊ नका, थेट सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा.